सोनं शोधणाऱ्या डिटेक्टरची कॉइल घरी बांधणे व तपासणे (तांबड्या मातीसाठी)

माळरान

नमस्कार मंडळी. गाव पन्हाळा तालुक्यात, नोकरी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला. धागा काढण्याचं कारण घरचंच आहे. गेल्या भांगलणीत आईच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला आणि ते संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं. मणी बरेचसे पदरात अडकलेले मिळाले, एक वाटीही मिळाली. दुसरी रानात राहिली. मग भरणी झाली, ऊस डोक्यावर गेला आणि शोधायचं राहून गेलं. आता तोड झालीय. खोडवा ठेवायचा नाही, रान मोडायचंय, म्हणजे नांगर लागायच्या आत ते पंधरा गुंठे मला पायाखालून घालायचेत.

ओळखीच्या एकाकडून तयार डिटेक्टर आणून बघितला. आमच्या रानात दर दुसऱ्या खड्यावर तो ओरडतो. म्हणून पल्स इंडक्शनचा डिटेक्टर (कॉइलमध्ये विजेचा छोटा ठोका, म्हणजे पल्स, सोडायचा आणि तो तुटल्यावर धातूचा प्रतिसाद ऐकायचा) स्वतः बांधला. सर्किट नेहमीचंच: १२ व्होल्टची बॅटरी, पल्स चालू-बंद करायला आयआरएफ ७४० मॉस्फेट, पुढे एनई ५५३४ अॅम्प्लिफायर, पल्स १०० मायक्रोसेकंदांचा. कॉइल २४ गेजच्या एनॅमल तारेची, व्यास २६ सेंटीमीटर, वेढे २०. इंडक्टन्स ३०० मायक्रोहेन्री, रोध १.२ ओहम. वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली, त्यावर शील्ड (बाहेरचा परिणाम अडवणारं आवरण) म्हणून स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल (दोन सेंटीमीटर फट सोडून), आणि दीड मीटर आरजी ५८ केबल.

पाच रुपयांचं पितळी नाणं हवेत २४ सेंटीमीटरवरून वाजतं. आईची उरलेली वाटी मात्र ६ सेंटीमीटरच्या पुढे ऐकूच येत नाही. पहिला सॅम्पल, म्हणजे ऐकण्याचा क्षण, पल्स तुटल्यावर २२ मायक्रोसेकंदांनी घेतोय, त्याच्या आधी सिग्नल खाली बसत नाही. वाटी हवेत ६ वर असेल तर मातीत काय होणार? चुकतंय कुठं?

वाइंडिंगवाला

भावा, तार कुठनं घेतलीस ते पयला सांग. उद्यमनगरात मोटारी भरायचं आमचं दुकान हाय, रोज तारेतच हात असतोय. ऑनलाइन येणारी निम्मी तार तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असती. मी स्वतः एका विक्रेत्याकडनं दोन किलो मागवली हुती, लेबलवर शुद्ध तांबं. ब्लेडनं खरवडली तर आतनं पांढरी. तुझी १.२ ओहम आली म्हंजे तांबंच हाय, काळजी न्हाई. २६ सेंटीमीटरचे २० वेढे म्हंजे सव्वासोळा मीटर तार, तेवढीला सव्वा ओहमच्या आतबाहेरच आलं पायजे. अॅल्युमिनियमवाली असती तर दीडपट दाखवला असता.

आणि एक. प्लायवर खिळे ठोकून गुंडाळली असशील तर खिळे काढल्यावर तार सैल पडती. आम्ही वेढे झाल्यावर सुती नाडीनं जागोजाग बांधतो आणि वॉर्निश पाजतो. हालणारी तार म्हंजे आवाज करणारी कॉइल.

स्कोपवाली

माळरान, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: २२ मायक्रोसेकंद.

पल्स बंद झाला की वाटीत प्रवाहाचे भोवरे उठतात आणि विरतात. जाड नाण्यात ते निवांत विरतात, पातळ पत्र्याच्या वाटीत काही मायक्रोसेकंदांत संपतात. समजा वाटीचा विरण्याचा काळ ५ मायक्रोसेकंद आहे. तुम्ही १० ऐवजी २२ वर ऐकायला बसलात, तर तोवर आवाज ११ पट बारीक झालेला असतो. नाण्याला या उशिराने फारसा फरक पडत नाही, म्हणून ते २४ वर वाजतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सोन्यासाठी कॉइल तपासायची तर नाणं बाजूला ठेवा.

आता लवकर ऐकायचं तर कॉइल लवकर शांत झाली पाहिजे. तिला अडवतं ते कपॅसिटन्स, म्हणजे जवळजवळच्या तारांत साठून राहणारा विजेचा भार. एकमेकांना चिकटलेले वेढे, चिकटपट्टीच्या एका थरावर बसवलेला फॉइल आणि केबल, तिन्हीकडून ते जमा होतं. आरजी ५८ मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरते, म्हणजे तुमच्या दीड मीटरचे १५० तिथंच गेले.

एवढं मोजून इथं टाका. कॉइल केबलसकट सर्किटपासून सोडवा. सिग्नल जनरेटरला दोन वेढ्यांचा छोटा लूप लावून तो कॉइलपाशी नुसता धरा, जोडू नका. स्कोपचा (विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब दहापटीवर ठेवून कॉइलला लावा, वारंवारता वाढवत जा आणि लाट कुठं सर्वांत उंच होते ते बघा. ती कॉइलची स्वतःची वारंवारता. ३.१४ गुणिले ती वारंवारता गुणिले इंडक्टन्स केलं की हवा असलेला एकूण डॅम्पिंग रोध (कॉइलची लाट शांत करणारा) मिळतो.

माळरान

आज वर्कशॉपमधल्या स्कोपवर मोजलं. ३८० किलोहर्ट्झ. म्हणजे ३५८ ओहम. पण माझ्या सर्किटात डॅम्पिंगला ५६० चा रोध आहे आणि त्यातच लाट बरी बसते. हिशेब चुकला का?

स्कोपवाली

अजिबात नाही, उलट बरोबर जुळला. अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी एक किलोओहमचा रोध आणि त्यामागे उलटसुलट दोन डायोड आहेत ना? कॉइलवरचा दाब जास्त असतो तोवर ते डायोड चालू असतात, त्यामुळे तो एक किलो डॅम्पिंगला समांतर येतो. ५६० आणि १००० समांतर म्हणजे ३५९.

याच हिशेबाने ३८० किलोहर्ट्झला एकूण ५८५ पिकोफॅरड येतात. हे अर्ध्याच्या खाली आणायचं लक्ष्य ठेवा. शिवाय मॉस्फेटच्या मालिकेत एमयूआर ४६० सारखा जलद डायोड टाका, म्हणजे मॉस्फेटचं स्वतःचं कपॅसिटन्स कॉइलपासून तुटतं. आणि पल्स तुटताना त्या टोकाला चारशे व्होल्टपर्यंत दाब उसळतो. बॅटरी १२ ची आहे म्हणून उघड्या टोकाला बोट लावू नका.

वाइंडिंगवाला

मग एनॅमल तार सोडून टेफ्लॉनची घे. कंट्रोल पॅनेलवाल्यांकडं चांदीचा मुलामा दिलेली बारीक पिळाची मिळती. महाग हाय, पण इन्सुलेशन जाड असल्यानं वेढ्यांत आपोआप अंतर राहतंय. जुडगा जाड झाला की वेढे मात्र दोन जास्त लागतील, २२ धर. आमच्या हातातली गोष्ट हाय ही, घट्ट कॉइल कमी वेढ्यांत भरती, सैल कॉइल जास्त मागती.

पॅटर्नमेकर

वीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी आणि फायबरचे पॅटर्न बनवतोय, त्यामुळे खोक्याचं आणि शील्डचं मी सांगतो.

फॉइल काढून टाका. तो धातू आहे, कॉइलला चिकटून बसलाय, आणि १० मायक्रोसेकंदांवर तो स्वतःच वाजतो. त्याच्याऐवजी ग्रॅफाइटचा रंग द्या. कोल्हापुरात ग्रॅफाइटला तोटा नाही, साच्याला आतून लावायला प्रत्येक फाउंड्रीत पोती असतात. फक्त शॉपफ्लोअरवर उघडं पडलेलं घेऊ नका, त्यात बिडाचा कीस असतो. बंद पोत्यातलं घ्या, कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवा, काही हललं तर टाकून द्या. साच्याच्या तयार मिश्रणात मातीही असते, ते वीज नीट वाहत नाही, म्हणून कोरडी पूड आणून पाण्याच्या अॅक्रिलिक रंगात स्वतः कालवा. दोन हात मारून वाळल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटर लावा. एक-दोन किलोओहम दाखवलं तर पुरेसं आहे. फट मात्र इथंही सोडायची, शील्डचा बंद वेढा होता कामा नये.

वेढ्यांचा जुडगा आणि शील्ड यांच्यात तीन मिलिमीटर जागा हवी. वायरिंगला गुंडाळतात ती प्लास्टिकची स्पायरल पट्टी जुडग्यावर चढवली की काम होतं. शील्डमधून निघालेली बारीक तार कॉइलच्या थंड टोकाला, म्हणजे मॉस्फेट नसलेल्या बाजूला जोडा.

माळरान

शील्डचा रंग नसला तर काय होतं? इतकी खटपट टाळता येईल का?

पॅटर्नमेकर

टाळू नका. शील्ड नसलेली कॉइल ओल्या गवताला लागली तरी वाजते. तुमच्या रानात पाचट असणार, दव असणार. हात कॉइलवर सपाट ठेवून बघा, आवाज बदलला की शील्ड कमी पडलंय.

गुजरीतला

धागा वाचून राहवलं नाही. आमचं गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ पेठेत, पिढीजात काम आहे. डिटेक्टरमधलं मला कळत नाही, पण सोनं कुठल्या रूपात किती वाजेल हा प्रश्न तुमच्यासारखाच एका गिऱ्हाइकाने विचारला होता, तेव्हा त्याचं यंत्र पेढीवर ठेवून दोन तास आम्ही एकेक डाग त्याखाली धरला होता. जे दिसलं ते सांगतो.

वेढणी, म्हणजे बोटातलं साधं वळं, सगळ्यांत खणखणीत वाजली. तीच वेढणी दुरुस्तीसाठी कापलेली होती तेव्हा आवाज एकदम उतरला, डाख दिल्यावर परत आला. वजनात गुंजेचाही फरक नव्हता. तीन तोळ्यांची साखळी धरली तर वेढणीपेक्षाही कमी, कारण कडीकडी सुटी. कोल्हापुरी साजातली पानं बाहेरून टपोरी दिसतात, पण पातळ पत्र्याची असतात आणि आत लाख भरलेली असते, ती अगदी जवळ नेल्यावरच वाजली. ठुशीचा एक मणी वाजलाच नाही.

म्हणून सांगतो, वजनावर जाऊ नका. मंगळसूत्राची वाटी उलट्या पेल्यासारखी, कडेने अखंड गोल असते, ती साजाच्या पानापेक्षा नक्की बरी. तुमच्याकडे जोडीतली दुसरी आहे हे फार मोठं भाग्य आहे. त्याच साच्यातली, त्याच वजनाची. चाचणीला दुसरं काहीही वापरू नका.

आमच्या दुकानासमोरची माती झारेकरी वर्षानुवर्षं धुवून नेतात. ते पाट्यात माती हलवताना म्हणतात, सोनं डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं. तुमच्या कॉइलला तसं कळू दे.

स्कोपवाली

गुजरीतल्यांनी पाहिलं त्याचं कारण सरळ आहे. भोवऱ्याला फिरायला अखंड वाट लागते. वेढणी म्हणजे तयार वाट. ती कापली की भोवरे पत्र्याच्या रुंदीतच फिरतात. साखळीत प्रत्येक कडी स्वतंत्र, आणि कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. इतकं नेमकं निरीक्षण वाचून फार आनंद झाला.

भूस्तर

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. कॉइलइतकंच तुमच्या मातीकडे लक्ष द्या.

आपल्याकडचा काळा दगड हा दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज भरपूर. डोंगरमाथ्यावर तो झिजून जांभा झाला, त्याच जांभ्यातून राधानगरी आणि शाहूवाडीकडे बॉक्साइट काढलं जातं. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाचे बारीक कण असतात, त्यांतले काही पल्सने चुंबकित होतात आणि पल्स गेल्यावरही त्यांचं चुंबकत्व हळूहळू ओसरत राहतं. पल्सवाल्या डिटेक्टरला हे ओसरणं धातूसारखंच ऐकू येतं. साधा डिटेक्टर तुमच्याकडे दर खड्यावर ओरडला तो याच कुळातल्या कारणाने.

अजून एक, याकडे कुणी बघत नाही. रानात पाचट जाळलंय का? आगीच्या धगीने मातीतली साधी लोहद्रव्यं मॅग्हेमाइट नावाच्या चुंबकीय रूपात बदलतात. जळलेल्या पट्ट्यातली माती शेजारच्या मातीपेक्षा जास्त बोलते. विटांचा तुकडाही त्याच कारणाने वाजतो.

माळरान

पाचट जाळलंय, निम्म्या रानात. हे माहीत असतं तर कुट्टी केली असती. आता दोन्हीकडची माती वेगवेगळी भरून आणतो.

चंदगडी

मी हे सगळं वेगळ्या हेतूने वाचतोय. चंदगडकडे ओढ्यात किंवा गडाच्या पायथ्याला अशी कॉइल घेऊन फिरलं तर सोन्याचे कण, जुनी नाणी काही मिळेल का? परदेशात लोक ४५ किलोहर्ट्झचे, ७१ किलोहर्ट्झचे डिटेक्टर घेऊन गव्हाएवढं सोनं काढतात, त्याचे व्हिडिओ आहेत.

भूस्तर

तुमची उत्सुकता समजते, पण स्पष्ट सांगतो. बेसाल्टच्या थरांत सोन्याच्या शिरा नसतात. कर्नाटकातलं सोनं त्याहून कितीतरी जुन्या, धारवाड काळातल्या खडकांत आहे. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण त्यातलीच, कोलारचीही त्यातलीच, ती २००१ साली बंद झाली. आणि खनिज शोधायला १९५७ च्या खाण कायद्याखाली परवाना लागतो.

गडाच्या पायथ्याचा विचार तर सोडूनच द्या. पन्हाळ्यासारखी संरक्षित ठिकाणं १९५८ च्या कायद्याखाली येतात, तिथं खणणं गुन्हा आहे. दुसरीकडेही जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा नुसता कायद्याचा धाक म्हणून सांगत नाही. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये रीतसर उत्खनन झालं. तिथल्या वस्तूंमध्ये समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे, रोमशी असलेल्या व्यापाराची ती खूण. कुणी डिटेक्टर लावून ती उपसून नेली असती तर आज ती नुसती जुनी मूर्ती राहिली असती. कुठल्या थरात, कशाशेजारी होती हे कळलं म्हणून ती बोलते.

चंदगडी

पटलं. तो विचार सोडला. पण कॉइल बांधायला शिकायचंच आहे. आमच्याकडे लग्नकार्यात, रोपलावणीत डाग हरवलेली माणसं काय कमी आहेत.

माळरान

दुसरी कॉइल झाली. टेफ्लॉन तार, २२ वेढे, वर स्पायरल पट्टी, पॅटर्नमेकरांच्या सांगण्याप्रमाणे ग्रॅफाइट. केबल आरजी ५९ घेतली, तीही एक मीटरच. इंडक्टन्स २९८. वारंवारता ६०० किलोहर्ट्झ आली, म्हणजे कपॅसिटन्स ५८५ वरून २३५ च्या आसपास. डॅम्पिंगला आता दोन किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रोध) लावलाय. हिशेबाने १३०० च्या जवळ हवा होता, स्कोपवर लाट न उसळता सर्वांत लवकर बसली ती १२२० ला. आता १० मायक्रोसेकंदांवर सॅम्पल घेता येतो.

पहिल्या दिवशी मात्र हाताने भलताच घोळ झाला. सॅम्पल १० वर आणला तर कॉइल काही न धरता एकसारखी वाजत होती. तीन तास सर्किट तपासलं. शेवटी मीटर शील्डवर लावला तर फटीच्या दोन्ही बाजूंत ९०० ओहम. खोकं चिकटवताना रंगाचा हात फटीवरून गेला होता. पॉलिश पेपरने तेवढी पट्टी घासून काढली आणि आवाज बसला.

वाटी हवेत १३ सेंटीमीटर. आधी ६ होती.

घरी कॉटवर ठेवून मोजत होतो तेव्हा ९ च्या पुढे जात नव्हतं. कॉट लोखंडी. अंगणात लाकडी बाकावर नेली तेव्हा १३ झाले.

स्कोपवाली

तुमच्या कॉटवरून आठवलं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहॅम बेल स्वतःचं इंडक्शनचं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असं सांगतात. चाचणीची जागा आधी रिकाम्या कॉइलने ऐकून घ्या, मगच वस्तू आणा.

आता हवेतला आकडा विसरा आणि मातीत मोजा. माती उकरून वाटी पुरू नका. उकरलेली माती सैल होते, वाटी तिरकी बसते, दर वेळी वेगळा आकडा येतो.

माळरान

त्यावर असं केलंय. प्लास्टिकचं मोठं टब, रानातली माती ओल तशीच ठेवून चोपून भरली. भरताना ५, ८, १० आणि १२ सेंटीमीटर खोलीवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आडवे टाकले. वाटी बांबूच्या कामटीच्या टोकाला मेणाने चिकटवायची आणि पाइपातून सरकवायची. माती हलत नाही. एक टब तांबड्या मातीचा, दुसरा जळलेल्या पट्ट्यातल्या मातीचा.

वाटी आई फक्त संध्याकाळी देते, दिवाबत्ती झाल्यावर. गळ्यातून काढते, दोऱ्याला गाठ मारते आणि मी परत देईपर्यंत अंगणातच बसून राहते. काल तिने विचारलं, "ही ऐकू येती म्हंजे ती पण येईल न्हवं?" मी म्हटलं, येईल. बोलून गेलो खरा, पण रात्रभर तेच डोक्यात.

कान फसवतात हे पहिल्याच दिवशी कळलं. वाटी कुठं आहे हे माहीत असलं की १२ वरही ऐकू येते. म्हणून बहिणीला टबमागे बसवलं. ती नाणं उडवते, छापा आला तर कामटीला वाटी लावून सरकवते, काटा आला तर रिकामी. मी पाठमोरा, कानात हेडफोन, 'आहे' किंवा 'नाही' सांगायचं. प्रत्येक खोलीला २० वेळा. तांबड्या मातीत ८ सेंटीमीटरला २० पैकी १९ बरोबर. १० ला ११, म्हणजे नुसता अंदाज. जळलेल्या मातीत तर ८ लाच १२.

स्कोपवाली

असं मोजणारा माणूस क्वचित भेटतो. हे आकडे खरे आहेत, म्हणून यांच्यावर पुढचं काम करता येईल.

आता छोटी कॉइल बांधा. १५ सेंटीमीटर व्यास, २८ वेढे. हवेत ती मोठीपेक्षा थोडी कमीच जाईल, त्याने निराश होऊ नका. मोठी कॉइल एका वेळी जास्त माती ऐकते आणि वाटी त्या आवाजात बुडते. छोटीखाली माती कमी असते, वाटीचा वाटा वाढतो. महावितरणच्या तारांची घरघरही ती कमी ओढते. जळलेल्या मातीसाठी उशिराचा दुसरा सॅम्पल घेऊन पहिल्यातून प्रमाणात वजा करा. प्रमाण त्या टबवरच ठरवा, कॉइल वरखाली केली तरी आवाज हलणार नाही असं. थोडी खोली जाईल, पण शांतता मिळेल.

वाइंडिंगवाला

आणि छोटीला वॉर्निश न्हाई, इपॉक्सी भर. बोटानं टिचकी मारून बघ, टकटक ऐकू आली तर आत तार हालतीया. सावलीत दोन दिस वाळू दे.

चंदगडी

एक शंका. तयार डिटेक्टरांत डीडी कॉइल असते, दोन डी एकमेकांवर चढवलेल्या. ती नको का? जमिनीला ती शांत म्हणतात.

स्कोपवाली

शांत असतेच. एक डी पाठवते, दुसरी ऐकते, आणि दोन्ही इतक्या एकमेकींवर सरकवतात की ऐकणाऱ्या कॉइलमध्ये पाठवणारीचं काही पोचत नाही. पण तो ताळमेळ मिलिमीटरच्या अंशात असतो, इपॉक्सी आकसली की बिघडतो. पहिल्यांदा बांधणाऱ्याने तुमच्या धाग्यातली एकेरी कॉइल (पाठवणारी आणि ऐकणारी एकच) पक्की करावी, डीडी नंतर.

माळरान

छोटी कॉइल तयार. हवेत १२, म्हणजे मोठीपेक्षा एकाने कमी, अगदी तुम्ही म्हणालात तसं. तांबड्या मातीत १० सेंटीमीटरला २० पैकी १८. जळलेल्या मातीत वजाबाकी लावून ८ ला १७. टिचकीला गप्प. गवताला गप्प.

शनिवारी रानात उतरलो. सुतळी लावून सरीसरीचे पट्टे पाडले, कॉइल दर वेळी अर्धी मागच्या वाटेवर येईल अशी फिरवली. शेतीपंपांची लाइट नसते ती वेळ धरली, घरघर खरंच निम्मी होते. दोन दिवसांत निघालं ते असं: विळ्याचं टोक, बैलाच्या दोन पत्र्या, चार खिळे, ठिबकच्या जुन्या तारेचा तुकडा आणि गुटख्याच्या पुड्या, किती ते मोजलं नाही. पुड्यांचा आवाज वाटीसारखाच बारीक आहे, त्यामुळे प्रत्येक उकरावीच लागते. जळलेला पट्टा राहिलाय. परवा ट्रॅक्टर येणार आहे.

गुजरीतला

एक विचारतो. आई त्या दिवशी भांगलताना कुठल्या बाजूने कुठं गेली होती, आणि वाकून उठताना दोरा कशात अडकला असेल, हे त्यांना रानात नेऊनच विचारलंत का? हरवलेल्या डागाची माणसं आमच्याकडे येतात तेव्हा आधी तेच विचारतो.

माळरान

नेलं आज. आई थेट जळलेल्या पट्ट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. म्हणाली, इथं बांधावर भाकरी खाल्ली, पाटी डोक्यावर घेताना गळ्याला हिसका बसला होता. हे तिने आजवर सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

पाटी उचलली त्या जागेपासून सुरुवात केली. वजाबाकी लावून, कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, अगदी सावकाश. पाचव्या सरीत वरंब्याच्या पोटात बारीक आवाज, दोन्ही दिशांनी तसाच. पुडी असेल म्हणून खुरपं लावलं. चार बोटं खाली ढेकूळ फुटलं आणि आत पिवळं दिसलं. भरणी करताना पॉवर टिलरचं पातं लागलं असणार, वाटी एका बाजूने दुमडून चपटी झालीय. आईने ती पदराला पुसली, मुठीत धरली आणि काहीच बोलली नाही. आम्ही बराच वेळ बांधावर बसून होतो.

उद्या ती गुजरीत सरळ करायला देणार आहे. देण्याआधी दोन्ही वाट्या अंगणात त्याच बाकावर, त्याच छोट्या कॉइलखाली धरल्या. अखंड असलेली १२ सेंटीमीटर, चेपलेली ९.